कोरे पत्र आणि भरलेला मोबाईल

श्रीसंतांच्या चरणी मस्तक ठेवून आज एका अशा प्रश्नाला हात घालतो आहोत, की ज्याचे उत्तर तो विचारला गेला तेव्हा आम्हांस देता आले नाही.

अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या एका गावी हरिनाम सप्ताह होता. काकड्याची आरती आटोपली, चहा झाला, आणि गावातला एक तरुण आमच्याजवळ येऊन बसला. पोरगा गळ्याने गोड, बुद्धीने तल्लख. आम्ही सहज म्हटले, "बाबा, चार वर्षे आळंदीला जा. जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली ती तुमच्यासारख्यांसाठीच." त्यावर तो खिशातून मोबाईल काढून म्हणाला, "बुवा, ज्ञानेश्वरी यात आहे, गाथा यात आहे, थोरामोठ्यांची कीर्तने यात आहेत. थांबवून पुन्हा ऐकता येतात. मग तिथे जाऊन मधुकरी मागायची ती कशाकरिता?"

प्रश्न उर्मट नव्हता, खरा होता. आम्ही हसून विषय टाळला. पण वाचकहो, टाळलेला प्रश्न माणसाच्या मागे लागतो. परतीच्या एस. टी.त तोच डोक्यात घोळत होता.

आमच्यातील पुष्कळ वडील मंडळी या यंत्राचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. त्यांना प्रथम एक विनंती. साधनाचा द्वेष ही आपली परंपरा नव्हे. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली, ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. लेखणी हेही त्या काळचे यंत्रच होते. पुढे नकलांवर नकला होऊन पाठ बिघडला, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी तो शुद्ध केला. 'लिहिण्यानेच घोटाळा झाला, आता लिहिणे बंद' असे नाथ म्हणाले नाहीत. तुकोबांची गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात छापून निघाली आणि फडावरच्या वह्यांतील अभंग घराघरांत गेले. तेव्हाही कोणीतरी म्हटलेच असेल, की आता पाठांतर बुडाले!

लांब कशाला, आमच्या खानदेशातलेच पाहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, असे अठरा रविवार अठरा अध्याय झाले. ऐकणारे कैदी. साने गुरुजी त्यांत होते, आणि त्यांनी ती बोलणी टिपून घेतली. गुरुजींचा हात त्या दिवशी चालला नसता तर ते शब्द भिंतीआडच विरले असते. आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक घरी बसून वाचणारा माणूस त्या तुरुंगातच येऊन बसतो. दूरच्याला जवळ आणणे हे साधनाचे पुण्य आहे. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

त्याच धुळे जिल्ह्यात गेल्या दशकात एक चांगले काम झाले. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरीस असलेले हर्षल विभांडिक यांनी गावोगाव सभा घेऊन लोकांस साद घातली. काही पैसा त्यांनी घातला, पुष्कळसा गावकऱ्यांनी वर्गणीने उभा केला, आणि जिल्हा परिषदेच्या ११०० च्या आसपास शाळांत पडदा, संगणक असे साहित्य आले. मंदिराच्या कळसाला वर्गणी देणारी आमची माणसे शाळेच्या पडद्यालाही देतात, हे पाहून ऊर भरून येतो. पांडुरंगाच्याच सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर चौकोनी ठिपक्यांची खूण छापण्याची युक्ती काढली. तिच्यासमोर मोबाईल धरला की धडा बोलू लागतो, कविता ऐकू येते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लक्ष डॉलरचा. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. यंत्राची युक्ती पुष्कळांना सुचते. हातचे अर्धे वाटून देणे यंत्र शिकवीत नाही. ते त्या माणसाचे होते, आणि मुलांनी शिकण्यासारखे तेच होते.

पण याच २०२० सालाने दुसरी बाजूही दाखविली. मार्चमध्ये महामारीने शाळांना कुलपे लागली. त्या वर्षी मुक्ताईनगराहून सुमारे महिनाभर पायी चालत जाणारी आदिशक्ती मुक्ताईची पालखी चालली नाही. पादुका एस. टी.त बसून पंढरीस गेल्या. १ जुलैची आषाढी आम्ही घरात मोबाईलच्या चौकटीत पाहिली. दर्शन झाले का? झाले. पण पायांना ठाऊक होते, की वारी झाली नाही. शेजारच्या वारकऱ्याच्या खांद्यावर हात नाही, भाकरीच्या तुकड्याची देवघेव नाही, भिजणे नाही, आणि डोळे मिटून 'पुंडलीक वरदे' म्हणताना हजार कंठांचा आधार नाही.

मुलांचे तेच झाले. अभ्यास मोबाईलवर येई. आमच्या ओळखीच्या एका मजुराच्या घरी फोन एकच. बाप तो घेऊन सकाळीच कपाशीच्या निंदणीस जाई. मुलीची आई आम्हांस म्हणाली, "महाराज, फोन शेतात जातो नि शाळा घरी राहते." संध्याकाळी फोन घरी येई तो आधी भावाच्या हाती जाई, कारण तो मुलगा! पोरीच्या वाट्याला बॅटरीचा शेवटचा लाल ठिपका. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-शिरपूरकडील पाड्यांवर तर फोन असला तरी त्याला रेंज नाही. देशभरच्या ग्रामीण भागाची पाहणी 'असर' या नावाने होत असते. तिच्याप्रमाणे दुसरीचा धडा वाचता येणारी तिसरीतली मुले २०१८ साली शंभरात सुमारे २७ होती, ती २०२२ साली सुमारे २० वर आली. ही केवळ आकड्यांची घट नव्हे, या पोरांच्या तोंडचा घास गेला.

आपल्या पंथात पंगतीला कोण बसले याची आधी विचारपूस होते, मग वाढप. पंढरीच्या मंदिराचे दार सर्वांस उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी प्राण पणास लावून उपोषणास बसले होते. ज्ञानाचे दार आता काचेचे झाले आहे. ते कोणासाठी उघडते आणि कोणाच्या तोंडावर लागते, हे पाहणे वारकऱ्याचे कामच आहे.

आता आमची स्वतःची एक फजिती सांगतो. सांगण्यास लाज वाटते, पण लपविली तर लिहिण्यास अर्थ नाही. एका कीर्तनासाठी वेळ थोडा होता. मोबाईलवर कोणी पाठविलेला तुकोबांच्या नावाचा एक अभंग हाती लागला. अर्थ गोड, प्रमाणाला चपखल. आम्ही तो म्हटला, लोकांनी टाळ्या दिल्या. कीर्तन संपल्यावर पुढच्या रांगेतले एक म्हातारे बाबा, अंगठेबहाद्दर, पाया पडले आणि हळूच म्हणाले, "महाराज, हाऊ अभंग गाथामा नही शे." घरी येऊन गाथा चाळली. खरोखरच नव्हता. अक्षरओळख नसलेल्या त्या बाबांच्या कंठात गाथा होती, आणि आमच्या खिशात असूनही आमच्याजवळ नव्हती!

ही गोष्ट आता अधिकच जपण्याची झाली आहे. विचारले की क्षणात निरूपण लिहून देणारी बुद्धीची यंत्रे आली आहेत. काम झपाट्याने करतात, भाषाही बरी लिहितात. पण कधी ती न झालेली ओवी रचून बेधडक नाथांच्या नावावर घालतात, आणि त्यांना ना संकोच ना भीती. चूक झाल्यावर ज्याची मान खाली जात नाही त्याच्या शब्दावर किती भार टाकावा, याचा विचार ज्याने त्याने करावा. म्हाताऱ्या बाबांनी चूक दाखविली तेव्हा ती आमच्या कायमची लक्षात राहिली, कारण त्यांनी ती चारचौघांत नव्हे, पाया पडून दाखविली. तो प्रेमाचा फटका होता.

तर मग गुरु समोर असलाच पाहिजे का? इथे मनाजोगते उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण आपलीच परंपरा आपल्याला अडविते. शिऊरच्या संत बहिणाबाईंनी तुकोबांचे अभंग कोल्हापुरास असताना कीर्तनात ऐकले. तुकोबा तिथे नव्हते. केवळ शब्द आले, आणि बाई वेडावल्या. स्वप्नात अनुग्रह झाला. स्वतः तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला. म्हणजे दुरून काही मिळतच नाही असे म्हणण्यास आम्हांस तोंड नाही.

आणि उलट बाजूस आमचे चांगदेव. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचे मंदिर आहे, मुक्ताईनगरच्या माणसाला ते अंगणातले. चौदाशे वर्षे आयुष्य जिंकले, सिद्धी पायाशी लोळत. आजच्या भाषेत म्हणायचे तर जगातली सगळी साधने त्यांच्या हाती होती. माउलींना पत्र लिहायला बसले आणि मायना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? अखेर कोरा कागदच पाठविला. मुक्ताईने तो पाहून म्हटले, की इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. माउलींनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. त्याहून थोर पत्र कोणाला आले असेल? तरी परंपरा सांगते, की तेवढ्याने त्यांची गाठ सुटली नाही. ते स्वतः निघाले, वाघावर बसून का होईना पण निघाले. चालत्या भिंतीपुढे अभिमान उतरला आणि शेवटी लहानग्या मुक्ताईच्या पायाशी बसले.

या दोन कथा परस्परांविरुद्ध दिसतात. आम्ही पुष्कळ दिवस त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा दोहोंत एक गोष्ट सारखी दिसली. बहिणाबाई पुढे देहूस गेल्या, आणि चांगदेवही आपले ठिकाण सोडून निघाले. दुरून आलेल्या शब्दाने दोघांनाही बसल्या जागेवरून उठविले.

आमच्या मते कसोटी ही आहे. साधन जुने की नवे, कागदाचे की काचेचे, हा प्रश्न गौण. ते माणसाला उठविते की बसविते, एवढे पाहावे. पडद्यावर कपाशीचे फूल पाहून मूल बापाच्या शेतात धावले, तर तो पडदा धन्य. पडद्यावर फूल पाहून दाराबाहेरच्या फुलाकडे त्याने पाठ फिरविली, तर तोच पडदा डोळ्यांवरची पट्टी. कीर्तन ऐकून तरुण जाणत्याच्या दारी गेला, तर मोबाईलने पंढरीची वाट दाखविली. दुसऱ्याची चाल, दुसऱ्याचा हुंदका, दुसऱ्याचा विनोद उचलून तो व्यासपीठावर चढला, तर तो मोबाईलचाच कोरा कागद झाला, मात्र अक्षरांनी भरलेला. चांगदेवांचा कागद कोरा होता म्हणून कोरेपणा दिसला तरी. भरलेल्या कागदाचा कोरेपणा दाखविण्यास मुक्ताईच समोर हवी. यंत्र ऐकणाऱ्यांची संख्या सांगते, पण 'तू अजून कोरा आहेस' हे काही ते सांगत नाही.

यास एक अपवाद मनापासून मान्य करतो. जी म्हातारी माय अंथरुणाला खिळली आहे, तिच्या उशाशी नातवाने हरिपाठ लावून दिला, तर तिला आम्ही 'उठ' म्हणणार नाही. पुंडलिकाला आई-बापांची सेवा सोडून उठता आले नाही, तेव्हा देवच दाराशी येऊन उभा राहिला. तिच्यासाठी तसेच समजावे. मात्र फोन लावून देऊन नातू उठून गेला, तर अर्धी सेवा राहिली. घटकाभर जवळ बसावे.

१९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरास प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत. साधन किती साधे, एक कागद! पण लिहिणारा तिथेच राही, मुलांच्या खोल्या झाडी, त्यांचे कपडे धुई. ज्या हाताने अक्षर लिहिले तोच हात पाठीवरून फिरे. शिक्षणात आणखी काय लागते?

म्हणून आमच्या माळकऱ्यांस तीन गोष्टी सुचवितो. जमल्या तर कराव्यात. घरात फोन एक आणि मुले दोन असतील, तर पहिला तास मुलीचा. गावच्या मंदिरात सायंकाळी एखाद्या जाणत्याने एक फोन मधे ठेवून दहा मुले बसवावीत, म्हणजे यंत्र एक आणि संगत दहांची होईल. आणि मोबाईलवर आलेला अभंग गाथेत पाहिल्याशिवाय वा म्हाताऱ्यांस विचारल्याशिवाय मुखी घेऊ नये.

राहता राहिला त्या तरुणाचा प्रश्न. पुन्हा भेटला तर त्यास एवढेच म्हणू, "बाबा, मोबाईल टाकू नकोस. त्यात आहे ते सगळे ऐक. पण ऐकून पाय शिवशिवले तर थांबू नकोस. मधुकरी पोटासाठी नाही रे. दुसऱ्याच्या दाराशी झोळी पसरून उभे राहिल्यावर आपण रिकामे आहोत हे कळते. रिकाम्या झोळीतच काही पडते." तो ऐकेल न ऐकेल. आणि हे लिहिताना आमचीही झोळी भरलेली आहे अशी फुशारकी नाही. म्हाताऱ्या बाबांची आठवण झाली की मान आपोआप खाली जाते.

असो. चुकले माकले संतांनी पदरात घ्यावे. रामकृष्णहरि.