गुंतलेल्या क्यूबिटचा हिशोब

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला क्वांटम संगणक बघायला मिळेल तेव्हा मिळेल; त्याचं सिम्युलेशन मात्र तो आज रात्री आपल्या लॅपटॉपवर लिहू शकतो. ही दुधाची तहान ताकावर नव्हे. एन्टँगलमेंट म्हणजे काय, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं पुस्तकात दिसत नाही.

दोन क्यूबिट घ्या. ००, ०१, १०, ११ अशा चार शक्यता आणि प्रत्येकीला एक संमिश्र संख्या. क्यूबिट सुटे असतील, तर पहिल्याच्या अ, ब आणि दुसऱ्याच्या क, ड यांच्या गुणाकारांतून चारही निघतात. आता फक्त ०० आणि ११ शिल्लक असलेली जोडी बघा. मधल्या दोन शून्य, म्हणजे अ×ड शून्य. त्यासाठी अ किंवा ड शून्य हवा. पण तसं केलं की अ×क किंवा ब×ड पुसला जातो. फोड होतच नाही; हेच एन्टँगलमेंट, क्यूबिट गुंतलेले. सामाईक खात्याच्या जमिनीत एकट्या भावाचा तुकडा दाखवता येत नाही, तसंच हे.

म्हणून सगळ्या शक्यतांचा उतारा एकत्र ठेवावा लागतो आणि मेमरी संपते. ३० क्यूबिटना सुमारे १०७ कोटी संख्या, म्हणजे १६ जीबी. पुढे दर क्यूबिटला दुप्पट. सी-डॅक, बंगळुरूची आयआयएससी आणि आयआयटी रुरकी यांचं ‘क्यूसिम’ हे सिम्युलेटर ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. त्यात खऱ्या यंत्रातला गोंगाटही (नॉइज) धरता येतो. पण गोंगाटासकट पूर्ण मॅट्रिक्स साठवायचा, तर १५ क्यूबिटनाच १६ जीबी जागा जाते.

तरीही क्यूबिट किती, हा खरा प्रश्न नाही. २० क्यूबिट गुंतवून ‘सगळे ० किंवा सगळे १’ अशी अवस्था केली, तर १०,४८,५७६ जागांपैकी दोनच भरतात. गॉट्समन-क्निल प्रमेयानुसार ठरावीक गेट्सपुरतं राहिलं, तर हजारो गुंतलेले क्यूबिटही साध्या संगणकाला झेपतात. २०१९ मध्ये गूगलने सांगितलं, आमच्या ५३ क्यूबिटच्या यंत्राने २०० सेकंदांत केलेल्या कामाला ‘समिट’ महासंगणक १०,००० वर्षं घेईल. आयबीएमचं उत्तर होतं: अडीच दिवस. महासंगणक तोच, हिशोबाची रीत वेगळी.

अशी रीत शोधायला अतिशीत यंत्रणा लागत नाही, रेषीय बीजगणित पक्कं लागतं. तयार लायब्ररी चालवून आलेख काढण्यापेक्षा त्या २० क्यूबिटवर एकेक गेट लावत जावं. गुंता कुठे वाढतो आणि कोणती रीत कोणत्या गेटपाशी हात टेकते, ते मोजावं.