उरलेले तुकडे

आजचा शास्त्रभाग : योहान 6:5-13



फोनवर 'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की आपण काय करतो? गॅलरी उघडतो, सिलेक्ट ऑल, डिलीट. गेल्या वर्षी मीही ऑफिसला जाताना बसमध्ये बसल्या बसल्या हेच केलं. आईने व्हॉट्सॲपवर पाठवलेले सगळे फोटो एका झटक्यात उडवले. होतं तरी काय त्यांत? रोज सकाळी फॉरवर्ड केलेलं वचन, पाठीमागे गुलाबाचं फूल. कुंडीतल्या मोगऱ्याला आलेली कळी. नगरहून मी काय काय न्यायचंय त्याची तिच्या अक्षरातली यादी. कधी नुसतं ताट, ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी, आणि खाली एकच ओळ : "जेवलास का?"

त्यानंतर चार महिन्यांनी आई प्रभूकडे गेली.

स्मरण उपासनेसाठी फोटो शोधायला बसलो तेव्हा लग्नांतले सापडले, नाताळचे सापडले. सगळ्यांत ती जरीची साडी नेसून, हात बाजूला सोडून, श्वास रोखल्यासारखी उभी. ती माझी आईच होती, पण रोजची नव्हती. शेवटी एका लग्नातला फोटो कापून फ्रेम केला. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलाय. डिलीट केलेले फोटो परत मिळतात का, हे त्या रात्री दोन वाजेपर्यंत शोधत होतो. ट्रॅश काही दिवसांनी आपोआप रिकामा होतो, चार महिने कोण ठेवणार? तिच्या फोनमध्ये असतील म्हणावं, तर तिचा जुना फोन एक्सचेंजमध्ये दिलेला. तोही मीच दिला होता.

नंतर एके दिवशी वाचनात हा भाग आला. पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. पण भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाघरच्या, हे चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहान सांगतो. आणि सगळे पोटभर जेवल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा, ही येशूची आज्ञाही फक्त तोच नोंदवतो. जरा थांबून विचार करा. ज्याच्या हातात पाच भाकरींच्या हजारो होतात, त्याला उरल्यासुरल्याची काय गरज? आणखी हव्या असत्या तर आणखी केल्या असत्या. तरी बारा टोपल्या भरेपर्यंत तो शिष्यांना गवतातून फिरवतो. दातांनी तोडलेले, हातातून निसटलेले तुकडे! त्याच्या लेखी तेही टाकून देण्यासारखे नव्हते.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आठवतं का? 1934 पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं. त्यात मोठमोठे प्रसंग आहेत, पण मन रमतं ते घरातल्या बारीकसारीक गोष्टींत, भांडणांत, फजितीत. (अजून वाचलं नसेल तर रील्स थोड्या बाजूला ठेवा आणि वाचा.) त्यांच्या हातात काही मोबाईल नव्हता. त्यांनी आठवणीतून तुकडे वेचले. आपल्या हातात दिवसभर कॅमेरा असतो आणि आपण कॅफेतल्या कॉफीचा फोटो जपून ठेवतो.

पण मला खरा त्रास दुसऱ्याच प्रश्नाचा होता. जे तुकडे मी स्वतःच झाडून टाकले, त्यांचं काय?

यशया 49:15-16 मी लहानपणापासून ऐकतोय. आई एक वेळ आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल, पण देव विसरणार नाही. त्याने आपल्याला स्वतःच्या तळहातांवर कोरून ठेवलंय. आमच्या घरी उलटं झालं. आई विसरली नाही, लेकरू विसरलं. तेव्हा कळलं की वेचून ठेवायचं काम एकट्या माझ्यावर सोपवलेलं नाही. माझी गॅलरी रिकामी झाली म्हणून त्याच्या हातावरची आई पुसली गेली नाही. अपराधीपण गेलंय असं खोटं सांगणार नाही. पण आता झोप लागते.

गेल्या महिन्यात एक फोटो सापडला. मिक्सरचं झाकण तुटलं होतं, ते दुकानदाराला दाखवायला मीच काढून पाठवलेला. मधोमध झाकण, आणि कोपऱ्यात ते धरलेला आईचा हात, बांगडीपर्यंत पिठाने माखलेला. फ्रेममधल्या फोटोपेक्षा मला हाच जास्त ओळखीचा वाटतो.

तुमच्या आईने, आजीने आज काही पाठवलं असेल तर उघडून बघा. उत्तर द्या. जमलंच तर एखादा फोटो प्रिंट करून मागे तारीख लिहा. आणि तिचा काढाल तेव्हा "आई, इकडे बघ" म्हणू नका. ती भाकरी थापतेय, थापू द्या.

प्रार्थना : प्रभू येशू, तू गवतात पडलेले तुकडेही वेचायला लावलेस. मी जे टाकून दिलं ते तुझ्यापाशी आहे, त्याबद्दल तुझे आभार. आज ज्यांच्या घरी कुणी "जेवलास का?" विचारणारं आहे, त्यांना वेळेवर उत्तर द्यायची बुद्धी दे. आणि ज्यांच्या घरी आता कुणी विचारत नाही, त्यांच्याजवळ आज संध्याकाळी बस. आमेन.