त्यांनाच विचारा

पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला पाहुणे भेटायला येतात. खाटेवरचा माणूस शुद्धीवर असतो, आलेल्याला ओळखतो. पाहुणे मात्र त्याच्या उशाशी उभे राहून सुनेला विचारतात, “जेवतात का? माणसं ओळखतात का?” सून म्हणते, “वाचाच गेली हो. आता त्यांना काही कळत नाही.” हे सगळे तो ऐकत असतो. ज्या घरात काल त्याच्या शब्दाशिवाय व्यवहार होत नव्हता, तिथे आज त्याच्यासमोर त्याच्याविषयी तिसऱ्यालाच विचारले जाते. हा अन्याय दुष्ट माणसे करत नाहीत. त्याची सेवा करणारी, त्याच्यावर जीव असलेली माणसे अज्ञानापोटी करतात. म्हणूनच त्याविरुद्ध स्पष्ट बोलले पाहिजे.

या अवस्थेला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूचा डावा भाग पाहतो. तिथला रक्तपुरवठा तुटला की भाषा विस्कटते. पक्षाघात झालेल्या साधारण तीन जणांपैकी एकाच्या वाट्याला हे येते. मनात ‘पाणी’ असते, तोंडून ‘चहा’ निघतो. ‘हो’ म्हणायचे असताना ‘नाही’ येते. काहींना भरभर बोललेले नीट उमगत नाही. पण भाषा विस्कटली म्हणजे बुद्धी, आठवणी, आवडीनिवडी आणि मानापमान संपले असे नव्हे. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये ज्या रुग्णाची नोंद केली, त्याच्या तोंडून ‘तान’ एवढेच निघे. पण समोरच्याचे बोलणे त्याला बरेचसे कळत असे. या नोंदीला दीडशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या घरांपर्यंत ती अजून पोचायची आहे.

हातपाय लुळे पडले की आपण लगेच फिजिओथेरपिस्ट शोधतो. बोलण्याबाबत मात्र “येईल हळूहळू” म्हणून स्वस्थ बसतो. कुणी जीभ जड झाली म्हणून वेखंड उगाळून चाटवतो. वाचाघातात दोष जिभेत नसतो, आणि रुग्णाला गिळायला त्रास होत असेल तर असले चाटण ठसका लागून जिवावर बेतू शकते. गिळण्याची तपासणी आणि भाषेची फेरबांधणी, दोन्ही कामे वाचाउपचारतज्ज्ञाची. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, आणि तेच महिने आपण वाट पाहण्यात घालवतो. पुढची वर्षेही वाया गेलेली नसतात. सावकाश का होईना, सुधारणा होत राहते.

हे काम कसे चालते ते जवळून पाहावे. समोर वाटीचे चित्र असते. शब्द येत नाही. तज्ज्ञ ‘वा’ एवढाच आवाज देतो आणि थांबतो. पुष्कळदा पुढचा ‘टी’ रुग्णच पुरा करतो. ‘भाजी’ म्हटले की ‘भाकरी’ बाहेर पडते. स्वतःचे नाव न सांगू शकणारा माणूस टाळ्यांच्या ठेक्यावर आख्खी आरती म्हणतो, बे एके बे म्हणतो, सोमवारपासून वार मोजतो. घरचे चिडतात, “आरती येते, मग नाव का सांगत नाहीत? मुद्दाम करतात.” मुद्दाम काहीच नसते. वर्षानुवर्षे घोकून ठसलेले बोलणे आणि नव्याने जुळवायचे बोलणे मेंदू वेगवेगळ्या वाटांनी आणतो. शाबूत राहिलेली पहिली वाट धरून दुसरी खुली करायची, हेच उपचाराचे कसब. म्हणून हा उपचार रुग्णाच्या स्वतःच्या बोलीत हवा. मालवणीत आयुष्य काढलेल्या आजीला छापील मराठीत शब्द शिकवू नयेत.

घरच्यांनी करायचे ते साधे आहे. टीव्ही बंद करा. समोर बसा. एका वेळी एकच प्रश्न विचारा. ओरडू नका, त्यांना ऐकू येते. कप आणि तांब्या दोन्ही समोर धरा, बोट दाखवू द्या. उत्तर आले की “हेच ना?” म्हणून खात्री करा. आणि थांबा, शब्द तोंडाशी आला असताना तो हिसकावून पुरा करू नका.

सर्वांत गंभीर बाब पुढे आहे. बोलता न येणाऱ्या माणसाचा अंगठा शाई लावून कागदावर टेकवला जातो. कागद शेताचा असतो, खात्याचा असतो, घराचा असतो. हे पाप आहे, आणि कायद्यालाही ते मान्य नाही. 1995 च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत वाचा आणि भाषेची अक्षमता नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला जागा दिली आणि व्याख्येत वाचाघाताचा उल्लेख केला. त्याच कायद्याचे कलम 13 दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार ठरवण्याचा हक्क इतरांइतकाच देते. मदत करणाऱ्याचेच हित त्या व्यवहारात आड येत असेल, तर त्याने बाजूला व्हावे असेही ते बजावते.

सरकारकडेही मागणे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरच्या केंद्रांत मुलांसाठी वाचाउपचारतज्ज्ञाची तरतूद आहे. तशीच हक्काची सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पक्षाघाताच्या रुग्णांसाठी असावी, आणि घरी सोडतानाच्या कागदावर औषधांच्या जोडीला वाचाउपचाराची शिफारस लिहिलेली असावी.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून या देशाने अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी लोकांना चिन्ह पाहून सरकार निवडण्याचा हक्क दिला. चित्राने दिलेला कौल आपण पूर्ण किमतीचा मानला. तीच किंमत वाचाघात झालेल्या माणसाने चित्रावर ठेवलेल्या बोटाला द्या. त्याचे औषध, त्याचे जेवण, त्याचे शेत याविषयी पहिला प्रश्न त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबणे हे आपले कर्तव्य समजा.