चोविसांतले दोन धाकटे गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तमहाराजांचे चोवीस गुरू आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पृथ्वी, वायू, आकाश असं आपण बोटांवर मोजत जातो आणि कबूतर, अजगर, समुद्र, पतंग झाले की मध्येच कुठंतरी अडखळतो. या चोविसांत दोन गुरू असे आहेत की त्यांच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. एक अर्भक, म्हणजे लहान मूल. दुसरी कुमारी, म्हणजे घरातली लग्नाची मुलगी. ज्यांना त्रैलोक्याने गुरू मानलं त्या अवधूतांनी यदुराजाला सांगितलं की मी या दोघांकडूनही शिकलो. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात हा संवाद आहे, आणि नाथमहाराजांनी तो मराठीत फार विस्ताराने उलगडून दाखवला आहे.

अर्भकाकडून काय शिकले? तर त्याला मान नाही, अपमान नाही, घरादाराची चिंता नाही. ते आपल्याच आनंदात असतं. कुमारीची गोष्ट थोडी मोठी आहे. तिला पाहायला पाहुणे आले, तेव्हा घरची मंडळी बाहेर गेलेली. पाहुण्यांना जेवू घालायचं म्हणून ती आत भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडलेले तांदूळसुद्धा नाहीत हे बाहेर कळेल, म्हणून तिला संकोच वाटला. तिने बांगड्या कमी केल्या. दोन-दोन उरल्या, तरी वाजतच होत्या. शेवटी एकेका हातात एकेकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. काम मात्र थांबलं नाही. अवधूतांनी त्यातून एकांताचा धडा घेतला. मला त्यात सेवेचाही एक धडा दिसतो. आलेल्या माणसाच्या पोटात अन्न जावं, पण आपल्या हातांचा आवाज त्याच्या कानावर जाऊ नये.

हे सगळं आठवायचं कारण यंदाच्या उत्सवाच्या बैठकीत निघालेला एक विषय. जयंतीच्या दिवशी पंगतीत पाणी द्यायला, चपला सांभाळायला, निर्माल्य वेगळं करायला लहान मुलं घ्यावीत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकमत होणारच. पालखीला खांदा देणारे आपण बहुतेक जण साठी ओलांडलेले, कोणाचे गुडघे गेलेले तर कोणाची कंबर. पुढच्या दहा वर्षांनी या मंदिरात झाडू कोण मारणार, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही एवढंच. पण मतभेद झाला तो पुढच्या मुद्द्यावर. एक जण म्हणाले, मुलांना प्रमाणपत्र द्या, फोटो काढा, त्याशिवाय हल्ली पालक पाठवत नाहीत. दुसरे म्हणाले, सेवेचं कसलं आलंय प्रमाणपत्र, तो तर व्यवहार झाला. दोघंही माझे जुने स्नेही, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून जरा नीट विचार करावासा वाटला. मूल खरोखर सेवा करतं का? की आपण त्याच्याकडून ती करवून घेतो आणि नाव सेवेचं देतो?

आधी एक गैरसमज बाजूला करू. लहान हातांनी असा काय फरक पडणार, असं आपण सहज बोलून जातो. पल्स पोलिओची मोहीम आठवून पाहा. 1995 साली ती देशभर सुरू झाली. रविवारी डोस असला की आदल्या दिवशी शाळेची मुलं प्रभातफेरी काढत आणि गल्लीतून ओरडत जात. घरातलं धाकटं भावंड कडेवर घेऊन बूथवर येणाऱ्या मुली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं जाहीर झालं. ते यश डॉक्टरांचं, आरोग्यसेविकांचं, सरकारचं आहे, यात शंका नाही. पण ज्या आईने रविवारी कामाच्या गडबडीत दार उघडलं, तिच्या दारात बहुतेक वेळा एखादं पोरच उभं होतं. किंवा 2016 सालच्या पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेकडे पाहा. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, आणि कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. त्या उन्हाळ्यात गावोगावी सुट्टी लागलेली पोरं मोठ्यांच्या रांगेत उभी राहून घमेली पुढे सरकवत होती. त्या रांगेत एक हात कमी असता तर घमेलं तिथेच अडलं असतं.

तेव्हा फरक पडतो. प्रश्न फरकाचा नाही, भावाचा आहे.

गुरुचरित्राच्या सोळाव्या अध्यायात धौम्य ऋषींच्या शिष्यांची कथा येते. जयंतीच्या सप्ताहात आपण ती दरवर्षी वाचतो. अरुणीला गुरूंनी शेताला पाणी द्यायला पाठवलं. पाणी काही केल्या ठरेना, तेव्हा तो पोरगा स्वतःच प्रवाहात आडवा झाला. ही कथा आपण गुरुभक्तीची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. ते शेत खरं होतं आणि पाणीही खरं होतं. पाणी अडलं नसतं तर पीक गेलं असतं. गुरूंनी त्याला खोटं काम दिलं नव्हतं. आपण मुलांना काय देतो? झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लावतो आणि झाडू हातात असताना फोटो काढतो. मुलाला हे लगेच कळतं. भातुकली आणि खरा स्वयंपाक यातला भेद चार वर्षांच्या मुलीलाही समजतो. काम खोटं असलं की भावही खोटा येतो, आणि मग प्रमाणपत्रावाचून त्या कामाला काही अर्थच उरत नाही.

काम खरं असलं तर काय होतं, त्याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आपल्या पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचं. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातीधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि कामंही तीच करत. पाणी भरणं, स्वयंपाक, शेतात राबणं यातून कोणाला सुटका नव्हती. गावागावांतल्या बायाबापड्या मुष्टिफंडासाठी मूठ मूठ धान्य बाजूला ठेवत. वहिनींनी, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. त्या मुलांना सेवेवर व्याख्यान द्यावं लागलं नसेल. आपण खातो तो घास कोणाच्या मुठीतून आला हे त्यांना रोज दिसत होतं, आणि आपण पाणी आणलं नाही तर शेजारचा तहानेला राहील हेही. त्यातून पुढे किती शिक्षक आणि कार्यकर्ते घडले, हे रयतेत शिकलेल्या कोणालाही विचारा.

इथे कोणी म्हणेल, मग ही वेठ नाही का? लहान मुलांकडून काम करून घेणं गुन्हा आहे ना? आहेच. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि ती हवीच. सेवा आणि वेठ यांच्यातली रेघ मला अशी दिसते. ज्या कामाचा फायदा करवून घेणाऱ्याच्या खिशात जातो, ज्याला मूल नाही म्हणू शकत नाही, ज्यामुळे त्याची शाळा, खेळ किंवा झोप बुडते, ती वेठ. मग ती देवळात करवून घेतलेली असली तरी वेठच. आणि मोठा माणूस शेजारी बसून तेच काम करतो, मुलाला दमल्यावर उठता येतं, कोणासाठी करतोय ते त्याला डोळ्यांनी दिसतं, ती सेवा. सप्ताहाच्या दिवसांत सहामाही झालेली असते आणि शाळेचे इतर कार्यक्रम चालू असतात. मुलाने तासभर दिला तरी तो पुष्कळ आहे, हे आपण लक्षात ठेवावं.

आता एक बोचरी गोष्ट, जी बैठकीत कोणी काढली नाही. पंगतीत पाणी वाढणाऱ्या मुलाला आपण म्हणतो, वा, काय सेवा करतोय! त्याच वेळी त्याची बहीण घरी आजीच्या पथ्याचं बघत असते, पाहुण्यांचे कप विसळत असते. त्याला आपण सेवा म्हणत नाही. ‘मुलीच्या जातीला यायलाच हवं’ म्हणतो. अवधूतांची ती कुमारी तरी काय करत होती? देवळात नव्हती ती, घरातच भात कांडत होती. चोविसांत जिला जागा मिळाली, ती घरकाम करणारी मुलगी होती. मग आपल्या घरातल्या कामाला आपण कमी का लेखावं? माझं तर म्हणणं असं की ज्या मुलाने घरी स्वतःचं ताट उचललं नाही, त्याने जयंतीला पत्रावळी उचलणं ही अर्धीच सेवा. आधी आईच्या स्वयंपाकघरात, मग महाराजांच्या महाप्रसादात.

आता प्रमाणपत्राचा मुद्दा. नाथमहाराजांच्या चरित्रातली एक कथा परंपरेने चालत आली आहे. पैठणचा हा मुलगा लहानपणीच घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे आला. स्वामी दत्तभक्त, किल्ल्याचे अधिकारी. त्यांनी या पोराला हिशेब ठेवायला बसवलं. एका रात्री जमाखर्चात एका पैची चूक लागेना. सारं गाव निजलेलं, आणि हा दिव्यापाशी वह्या चाळत बसलेला. पहाटेच्या सुमारास चूक सापडली, तेव्हा त्याने आनंदाने टाळी वाजवली. शाबासकी द्यायला तिथे कोणी नव्हतं. पाहणारा आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. ती टाळी त्याने स्वतःसाठीच वाजवली. स्वामी मागून पाहत होते. एवढ्याशा चुकीच्या शोधात हा इतका रमतो तर भगवंताच्या शोधात किती रमेल, हे त्यांनी ओळखलं, आणि पुढे त्याला दत्तदर्शन घडवलं.

या कथेत दोन्ही स्नेह्यांच्या शंकेचं उत्तर आहे असं मला वाटतं. स्वामी पाहत होते, म्हणजे मुलाकडे कोणीतरी पाहायला हवं. त्याचं काम कोणाच्या नजरेतच आलं नाही तर ते कोमेजेल. अर्भकाला मानापमान नसतो, पण आईची नजर त्याला हवी असते. तेव्हा पाठीवरून हात फिरवा, नावाने हाक मारा, प्रसादाचा पहिला द्रोण त्याच्या हातात द्या. यात व्यवहार नाही. पण स्वामींनी दवंडी पिटली नाही, हेही तितकंच खरं. फोटो बहुतेक वेळा मुलाला नको असतो, आपल्याला हवा असतो. नातू सेवा करतो हे चारचौघांना दाखवायचं असतं. ती वाजणारी बांगडी मुलाच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. उतरवायची असेल तर आधी आपण उतरवावी.

गाडगेबाबांनी हे आयुष्यभर करून दाखवलं. गावात शिरले की हातात खराटा, दिवसभर सफाई, आणि रात्री कीर्तन. कोणी पाया पडायला आलं तर आवडायचं नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी ते गेले, म्हणजे त्यांची पुण्यतिथी साधारण आपल्या जयंतीच्याच दिवसांत येते. त्यांच्यामागे लोक खराटे घेऊन निघाले ते त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, ते स्वतः झाडत होते म्हणून.

आपल्या पनवेलमध्ये खऱ्या कामाला तोटा नाही. वडाळे, कृष्णाळे, देवाळे ही आपली तळी. पूर्वीच्या लोकांनी गावाची तहान भागावी म्हणून जपलेली. आपण त्यात भक्तिभावाने पिशव्यांसकट निर्माल्य सोडतो. फुलं एकीकडे, प्लॅस्टिक आणि दोरे दुसरीकडे, एवढं निवडायला दहा वर्षांचं मूल पुरेसं आहे. फुलांचं खत होईल आणि ते औदुंबराच्याच मुळाशी घालता येईल. काठावर मात्र मोठ्यांनी उभं राहावं, मुलांना पाण्याजवळ सोडू नये. इमारतींत एकटे राहणारे आपल्याच वयाचे भक्त आहेत, ज्यांना जिना उतरून देवळात येता येत नाही. त्यांच्या घरी प्रसाद घेऊन जाणं आणि पाच मिनिटं बसून येणं, हे मुलांइतकं चांगलं कोणाला जमेल?

आणि नेऱ्याजवळचं शांतिवन. कुष्ठरोग निवारण समितीचं हे काम आपल्या तालुक्यात किती वर्षं चालू आहे. गुरुचरित्राच्या दुसऱ्या अध्यायातला संदीपक आपण डोळे पुसत वाचतो. काशीत कुष्ठाने ग्रासलेल्या गुरूंची त्याने एकवीस वर्षं सेवा केली, शिव्या खाल्ल्या, आणि देव प्रसन्न झाले तेव्हाही गुरुभक्तीच मागितली. पोथी मिटल्यावर मात्र तोच आजार झालेल्या माणसाशेजारी बसायला आपण बिचकतो. हा रोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो, तरीही. मुलाला ही किळस जन्मतः नसते, ती आपण शिकवतो. समितीच्या मंडळींना विचारून, त्यांच्या सोयीने, मुलांना एकदा तिथे घेऊन जाऊ या. देणगी द्यायला नव्हे, नुसतं भेटायला. संदीपक पोथीबाहेरही असतो, हे त्यांना कळेल. कदाचित आपल्यालाही.

यंदाच्या जयंतीपुरतं माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना खरं काम द्यावं. ते तासाभराचं असावं. प्रत्येक मुलाशेजारी आपल्यातल्या एका म्हाताऱ्याने तेच काम करत बसावं, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर. मुलगे आणि मुली दोघांनाही पाणी वाढायला आणि भांडी विसळायला सारखंच लावावं. शाळेला कागद लागत असेल तर तो मागाहून, न गाजवता द्यावा; त्यात पाप नाही. पण उत्सवाच्या दिवशी सत्कार एकाचाच व्हावा, महाराजांचा.

अवधूतांनी चोविसांत लहान मुलाला गुरू मानलं. आपल्या पंगतीत ते मूल हातात तांब्या घेऊन फिरणार आहे. ते समोर आलं की आपण पाणी घ्यावं आणि मनातल्या मनात नमस्कार करावा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!