रंगाखालचे लाकूड

दिवाळीच्या तोंडावर कोकणातल्या आमच्या घराच्या थोरल्या दाराचा जुना रंग काढायला घेतला. वर तपकिरी, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा. कोणता रंग घरातल्या कोणत्या कार्याला लागला, हे मला सांगता येत होते. हिरव्याखाली मात्र सुतार थबकला.

"आबा, चौकट सागाची आहे, फळ्या आंब्याच्या."

"दार अस्सल सागवानी आहे," असे आजोबा आल्यागेल्याला सांगत. पुढे वडिलांनी तेच सांगितले आणि मीही. तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की तीन पिढ्या आपण एका असत्यालाच रंग देत होतो!

पण हातातले पाते खाली ठेवल्यावर दुसरी बाजू दिसू लागली. सागाच्या अंगी तेल असते. वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आंब्याला हे कवच नाही. इथल्या पावसात ते उघडे राहते, तर केव्हाच कुजले असते. ज्या रंगाने उणीव झाकली, त्यानेच लाकूड राखले. मग झाकणे आणि फसवणे ही एकच गोष्ट का?

तरीही जुने म्हणून सारेच जपावे, असे नाही. जुन्या तैलरंगांत पुष्कळदा शिसे असे. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे लागू झाला तो २०१७ साली. असा रंग कोरडा घासला, तर त्याची धूळ मुलांच्या हातातोंडातून पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीला बाधते. म्हणून खाली कापड अंथरले, पॉलिश-पेपर भिजवून घासले, पोपडे गोळा करून बांधले आणि तोवर नातवाला त्याच्या मामाकडे धाडले. आजोबांची आठवण म्हणून ते विष त्याच्या वाट्याला ठेवणे, ही काही पितृभक्ती नव्हे.

फळ्यांना पुन्हा रंग दिला. लाकडाची ती गरजच होती. असत्य रंगात नव्हतेच. ते आमच्या जिभेवर होते.

नातू परतला. दारावर हात फिरवीत त्याने विचारले, "आबा, हे सागवान ना?"

क्षणभर आजोबा डोळ्यांपुढे उभे राहिले.

"नाही रे, आंबा आहे. नीट राखला, म्हणून टिकला."

हे सांगताना आवाजात थोडा अभिमान उतरला, हे कबूल केले पाहिजे.