दैव हे पाचवे कारण

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि सर्वांत शेवटी दैव. कारखान्यात कोणाचा हात वा डोळा गेला, की आपल्याकडे मालकापासून आप्तेष्टांपर्यंत सारेच प्रथम या पाचव्या कारणाचा आश्रय घेतात, आणि उरलेल्या चारांची चौकशी पंचनाम्याबरोबर दप्तरात बंद होते. शास्त्राने अखेरीस ठेवलेले कारण असे अग्रभागी आणणे मला श्रद्धेचे नव्हे, सोयीचे लक्षण वाटते.

गिरणीतला साचा, म्हणजे कापड विणणारा माग, पाहावा. पोलादी टोकांचा धोटा ताण्यातून इकडून तिकडे धावत असतो, आणि तो साच्याबाहेर उडाला तर शेजारच्या साचेवाल्याचा डोळा घेऊन जातो. पण उडण्यापूर्वी पुष्कळदा साच्याचा ठोका बदललेला असतो, आणि शेकडो साच्यांच्या त्या खडखडाटातही तो बदल, वर्षानुवर्षे त्याच साच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या कानाला लागतो. मग तो बोलत का नाही? साचा थांबला की कापड थांबते, आणि कापडाच्या मापावर ज्याची मजुरी ठरते त्याचा रोज बुडतो. जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे, गेला तर ‘चालव तसाच’ एवढेच उत्तर मिळते. या मौनाला दैववाद म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. खंडेनवमीला साच्याला झेंडूची माळ घालून आपण करणाचे पूजन करतो, आणि कर्त्यालाही करणच समजून त्याचे ज्ञान वाया घालवतो.

बोलून दाखवलेल्या इशाऱ्यांचेही तेच होते. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा प्राण घेतला. कामगार संघटनांनी धोक्याचे इशारे दिले, ते मनावर घेतले गेले नाहीत, आणि १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री झोपेतल्या वस्त्या वायूने गाठल्या. त्यानंतर, १९८७ साली, कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली, आणि आसन्न धोका कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. व्यवस्थापकाला तो धोका पटला नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडे पाठवणे त्याच्यावर बंधनकारक ठरले, म्हणजे त्याचा अविश्वास हा अखेरचा शब्द राहिला नाही.

एवढ्याने कर्त्याला कर्तृत्व परत मिळाले, असे मात्र मी मानत नाही. धोका सांगण्यासाठी ज्याने यंत्र थांबवले, त्याच्या त्या थांबलेल्या वेळेची मजुरी कारखान्याच्या खात्यावर पडली पाहिजे. ती त्याच्या पगारातून कापली जात असेल, तर समितीच्या इतिवृत्तावर किती सह्या आहेत हे विचारण्यात अर्थ नाही.