छायाचित्रांची साक्ष

जुनीं पत्रें व जुनीं छायाचित्रें यांत एक मोठें अंतर आहे. पत्र उघडलें कीं तें लिहिणाराचा त्या वेळचा मनोभाव आपल्यापुढें उभा राहतो. तो रागावला होता कीं रडत होता, हें कित्येकदां नुसत्या अक्षरावरूनहि कळतें. छायाचित्रांत मात्र सर्वच माणसें आनंदी असतात. विशेषतः सहलींच्या छायाचित्रांत दुःखी मनुष्य सहसा आढळावयाचा नाहीं. कळ दाबण्यापूर्वीं "हंसा" अशी आज्ञा होते, व तेवढ्या एका क्षणापुरते सर्वजण हंसतात. पुढें तीस-पस्तीस वर्षें तो क्षणच त्या दिवसाचा मुखत्यार होऊन बसतो. या मुखत्याराच्या शब्दावर कितपत विश्वास ठेवावा, याचा विचार करण्याचा प्रसंग नुकताच आम्हांवर आला.

गेल्या दिवाळींत घराची झाडलोट चालली असतां माळ्यावरील एका पत्र्याच्या डब्यांत आमच्या विद्यार्थिदशेंतील सहलींचीं चित्रें सांपडलीं. पुण्यास शिकत असतांना आम्हां सात मित्रांचा असा परिपाठ होता कीं, महिन्यांतून एखाद्या रविवारीं लोणावळ्याकडे जाणाऱ्या पहिल्या लोकलनें निघावें, मळवलीस उतरावें, आणि कार्लें, भाजें, लोहगड, विसापूर यांपैकीं जें मनांत येईल तिकडे वाट धरावी. कॅमेरा उसना आणलेला असे. छत्तीस चित्रांचें रीळ वर्गणी काढून घ्यावें लागे व तें दोन-तीन सहलींस पुरवावें लागे. त्यामुळें प्रत्येक चित्र विचार करून काढलें जाई. हल्लीं खिशांतील फोननें एका दुपारांत दोनशें चित्रें निघतात, व त्यांपैकीं बहुतेक पुन्हां कोणी पाहत नाहीं. आमचीं चित्रें थोडीं होतीं म्हणूनच तीं पुष्कळदां पाहिलीं गेलीं. रंगीत चित्रांतील रंगद्रव्यें सारख्या वेगानें विटत नाहींत. यांतील निळा-हिरवा भाग अगोदर उडून गेल्यामुळें भर पावसाळ्यांतला लोहगडहि आतां तांबूस दिसतो.

लेखनकलेवर प्राचीन काळीं जो आक्षेप घेतला गेला, तोच या कलेवरहि घेतां येण्यासारखा आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादांत सॉक्रेटिस एक मिसरी कथा सांगतो. थ्यूथ नांवाच्या देवानें लेखनविद्या शोधून थॅमस राजास दाखविली व स्मृतीवरचें औषध म्हणून तिची प्रशंसा केली. राजानें उलट उत्तर दिलें कीं, या विद्येनें लोक विसराळू होतील. कारण आंतून आठवण्याचें सोडून ते बाहेरच्या खुणांवर विसंबून राहतील. या जुन्या शंकेस अलीकडे प्रयोगाचाहि थोडा आधार मिळाला आहे. अमेरिकेंतील फेअरफील्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांस एका वस्तुसंग्रहालयांतून हिंडविलें. कांहीं वस्तूंचीं छायाचित्रें घ्यावयास सांगितलीं, कांहीं नुसत्या पाहावयास सांगितल्या. दुसऱ्या दिवशीं नुसत्या पाहिलेल्या वस्तू अधिक चांगल्या आठवल्या. परंतु याच प्रयोगमालेंत असेंहि दिसून आलें कीं, वस्तूच्या एखाद्या भागावर भिंग रोखून चित्र घेतलें तर स्मरणाची ही हानि होत नाहीं. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे. आपण लक्ष कोठें ठेवतों यावर पुष्कळ अवलंबून आहे.

लक्ष कोठें आहे, याहूनहि चित्रांत कोण येतें हा प्रश्न अधिक गंभीर आहे. १८३८ सालीं दागेर यानें पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांप्ल या हमरस्त्याचें एक चित्र घेतलें. रस्ता रहदारीचा, पण त्या काळीं चित्र उमटावयास कित्येक मिनिटें लागत, व जें हालतें होतें त्याची खूणहि उमटली नाहीं. चित्रांत रस्ता ओस आहे. एका कोपऱ्यावर मात्र एक गृहस्थ बुटांस पालिश करून घेत उभा होता, तो स्थिर राहिल्यामुळें दिसतो. छायाचित्रांत उमटलेला बहुधा हाच पहिला मनुष्य. त्याच्या पायांशीं ज्याचे हात चालले होते तो पालिशवाला एका पुसट डागाहून फारसा अधिक नाहीं. जो थांबला तो राहिला. जो राबत होता तो पुसला गेला.

असो. आम्हांस ज्या चित्रानें थांबविलें तें लोहगडाच्या महादरवाज्याजवळचें आहे. पाठीमागें आमच्याच अक्षरांत लिहिलेलें आहे : "लोहगड, ऑगस्ट १९८९. सर्व मंडळी." एका गुराखी मुलाच्या हातीं कॅमेरा देऊन, कळ कोठें दाबावयाची तें दाखवून, आम्ही ओळीनें उभे राहिलों होतों. चित्रांत सहा जण आहों. पाऊस थांबलेला असावा, कारण छत्र्या मिटलेल्या आहेत. हें चित्र आम्हीं पूर्वीं अनेकदां पाहिलें असेल. पण या खेपेस, कां कोण जाणे, छत्र्या मोजल्या. त्या सात आहेत. एकाच्या दोन्ही काखांत एकेक छत्री आहे.

सातवा मित्र खालीं भाज्यास राहिला होता. त्यास दम्याचा विकार होता. खिंडीचा चढ लागतांच तो दोनदां खालीं बसला, आणि आम्हांस उशीर होऊं लागला. चढतांना त्याचे हात मोकळे असावे म्हणून त्याची छत्री आमच्यापैकीं एकानें अगोदरच घेतली होती. "तूं लेण्यांत जाऊन बैस, दोन तासांत येतों," असें सांगून आम्ही पुढें गेलों. छत्री परत देण्याचें कोणासच सुचलें नाहीं. परतावयास पांच तास लागले. आलों तेव्हां तो चैत्याच्या एका खांबाशीं ओल्या कपड्यांनिशीं कुडकुडत बसला होता. तें ध्यान पाहून कोणीतरी त्यास 'भिक्षु' म्हटलें. तें नांव वर्षभर टिकलें. आम्हींहि तें वापरलें. त्यानंतर तो कोणत्याच सहलीस आला नाहीं.

विलक्षण गोष्ट ही कीं, इतक्या वर्षांत आमच्या मनांत या दिवसाची हकीकत निराळीच होऊन बसली होती. त्यास लेणीं पाहावयाचीं होतीं म्हणून तो आपखुषीनें मागें राहिला, असें आम्ही खरोखर मानीत होतों, व घरीं मुलांस तसें सांगितलेंहि होतें. हा बदल केव्हां झाला हें आम्हांस सांगतां येत नाहीं. थॅमस राजा म्हणाला असता कीं, चित्रानें स्मृति बिघडविली. येथें उलटें घडलें. स्मृतीनें खोटी साक्ष दिली, पाठीमागच्या अक्षरांनीं ती पक्की केली. चित्र मात्र सातवी छत्री पोटांत घेऊन गप्प बसलें होतें. तथापि एकट्या चित्रासहि न्याय देतां आला नसता. छत्र्या सात आहेत हें कोणासहि मोजतां येईल. सातवी कोणाची, हें त्या दिवशीं तेथें असलेलाच जाणतो. सारांश, छायाचित्र हा साक्षीदार खरा पण मुका, व स्मृति ही बोलकी पण पक्षपाती. दोघांस समोरासमोर उभें केल्यावांचून निवाडा होत नाहीं.

कोणी म्हणेल, विसाव्या वर्षींचा हा पोरकटपणा. त्याचें एवढें काय घेऊन बसावें? त्या दिवशींचा आनंद खोटा होता काय? आनंद खोटा नव्हता. गडावरचा वारा, विंचूकाट्याच्या सोंडेपर्यंत काढलेली दौड, एका भाकरीचे केलेले सहा वांटे, हें सर्व घडलें व तें आठवून आजहि बरें वाटतें. पण आनंद खरा असणें व तो सर्वांचा असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. मित्रास मागें टाकलें ही त्या दिवसाची चूक, आणि तिचा कांहीं भाग कदाचित् वयाच्या पदरीं घालतां येईल. "सर्व मंडळी" असें लिहून त्यास मंडळींतूनच काढून टाकणें, ही मात्र घरीं येऊन, लेखणी हातीं घेऊन, सावकाश केलेली गोष्ट आहे.

याच डब्यांत कार्ल्याच्या लेण्याचें एक चित्र आहे. दर्शनी भिंतीपुढें आम्ही मोठ्या ऐटींत उभे आहों. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं त्या कामास ज्यांनीं हातभार लाविला त्यांचीं नांवें तेथें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचें नांव आहे. त्याबरोबरच धेनुकाकट येथील सिंहदत्त नांवाच्या गंधिकाचें, म्हणजे सुगंधी द्रव्यें विकणाराचें, आणि द्वार करणाऱ्या सामी नांवाच्या सुताराचेंहि आहे. ज्यांनीं तो लेख कोरविला त्यांनीं सुतारास मंडळींत धरलें होतें. लोहगडाचा समावेश युनेस्कोनें २०२५ सालीं जागतिक वारशांत केला; पण त्याच्या पायऱ्यांचे दगड ज्यांनीं वर वाहून नेले, त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत.

आम्हीं चित्रामागील ते दोन शब्द खोडले नाहींत. खोडणें ही दुसरी लबाडी झाली असती. त्यांच्या खालीं सातव्या मित्राचें नांव लिहिलें, तो कोठें बसला होता तें लिहिलें, व जास्तीची छत्री त्याची होती हेंहि लिहिलें. कळ दाबणाऱ्या गुराख्याचें नांव आम्हीं विचारलेंच नव्हतें. त्याच्यासाठीं "एक मुलगा" एवढेंच लिहितां आलें. चित्राची एक प्रत काढून या मजकुरासह मित्राकडे टपालानें धाडली आहे. तो हल्लीं नागपुरास असतो. उत्तर यावें असा आमचा हक्क नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असे डबे असतील त्यांस एवढीच विनंति आहे कीं, पुढच्या खेपेस चेहरे पाहून झाल्यावर छत्र्याहि मोजून पाहाव्या.